शिक्का आणि सत्ता

पंचगंगा घाट म्हटले म्हणजे मराठी मनाला प्रथम कोल्हापूरची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. परंतु आज मी श्रोत्यांना ज्या पंचगंगा घाटावर घेऊन जाणार आहे, तो काशीचा. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा ह्या पाच नद्यांचा येथे संगम होतो, अशी श्रद्धा आहे. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगाच. उरलेल्या चार नद्या नावापुरत्या आहेत. तरीही कार्तिकात पहाटेच्या थंडीत हजारो माणसे येथे स्नान करतात, उंच बांबूंच्या टोकाला टोपल्यांतून आकाशदिवे टांगतात आणि पाचही नद्यांची नावे घेतात. जे दिसत नाही, त्याच्याही नावाला माणूस किती मान देतो, ह्याचे हे पहिले उदाहरण.

दुसरे उदाहरण ह्याच घाटाच्या माथ्यावर आहे. येथे पूर्वी बिंदुमाधवाचे भव्य देवालय होते. १६६५ साली काशीस आलेल्या तावेर्निये ह्या फ्रेंच प्रवाशाने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. पुढे औरंगजेबाच्या अमलात ते देवालय पडले आणि त्या जागी मशीद उभी राहिली. तिचे उंच मिनार नदीवरून कोसभर दिसत. विसाव्या शतकात ते मिनार गेले, मशीद आहे. पण गंमत अशी की, काशीचे लोक त्या मिनारांना बादशहाचे नाव देत नसत. ते त्यांना ‘बेणीमाधव का धरहरा’ म्हणत. इमारत एकाची, नाव दुसऱ्याचे! बांधणाऱ्याच्या हाती सर्व सत्ता होती. तरी लोकांच्या जिभेवरचे नाव बदलणे मात्र त्याला साधले नाही.

मूर्ती पुढे घाटाजवळच्याच एका साध्या वास्तूत स्थापन झाली. बाहेरून पाहणाऱ्याला ते देऊळ वाटू नये, एखादा जुना वाडाच वाटावा, असे आजचे बिंदुमाधवाचे मंदिर आहे. ते बांधविले औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्याने. काही वर्षांपूर्वी सरकारी कामाने काशीस गेलो असता मी ह्या पायऱ्या चढून वर गेलो आणि ‘प्रतिनिधी’ ह्या शब्दापाशी माझे मन थबकले. प्रतिनिधी, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने उभा राहणारा. कोणाच्या वतीने? आणि ज्याच्या वतीने तो उभा राहतो, त्याच्या हाती तरी काय उरते?

माझ्यासारख्या सरकारी नोकराला हा प्रश्न अपरिचित नाही. कागदावर सही एकाची असते, टिपण दुसऱ्याने लिहिलेले असते आणि निर्णय कित्येकदा तिसऱ्याच खोलीत झालेला असतो. सही करणाऱ्याची बोटे शाईने माखतात, एवढेच. कचेरीत ह्याचे फारसे कोणास काही वाटत नाही. पण हाच प्रकार राज्याच्या सिंहासनापाशी घडू लागला म्हणजे त्यातून इतिहास निर्माण होतो. त्या इतिहासाचा एक धागा औंधहून काशीस, आणि दुसरा साताऱ्याहून काशीस आलेला आहे. तो उलगडण्याचा मी आज प्रयत्न करणार आहे.

प्रतिनिधिपदाचा जन्म संकटात झाला. १६८९ साली संभाजीमहाराजांचा वध झाला, रायगड पडला आणि राजाराममहाराज दक्षिणेत जिंजीस गेले. अष्टप्रधानांची जुनी घडी विस्कटली होती. अशा वेळी राजाच्या वतीने राजाइतक्याच अधिकाराने कारभार पाहणारा कोणी असावा, म्हणून महाराजांनी प्रतिनिधी हे नवे पद निर्माण केले आणि ते प्रल्हाद निराजींना दिले. हे पद पेशव्यांच्याही वरचे. पुढे शाहूमहाराजांच्या कारकिर्दीत प्रतिनिधींची सालीना नेमणूक १५ हजार होनांची, तर पेशव्यांची १३ हजारांची. दरबारात मान पहिला प्रतिनिधींचा.

किन्हईच्या परशुराम त्रिंबकांच्या घराण्यात हे पद आले आणि त्यांचे चिरंजीव श्रीपतराव १७१८ पासून १७४६ पर्यंत प्रतिनिधी होते. शाहूंच्या दरबारात श्रीपतराव आणि थोरले बाजीराव ह्यांच्यात झालेला वाद प्रसिद्ध आहे. आधी घरची व्यवस्था बळकट करावी, दक्षिणेतील शत्रू आवरावे, असे प्रतिनिधींचे म्हणणे. उत्तरेत मुसंडी मारावी, असे बाजीरावांचे. महाराजांनी बाजीरावांच्या बाजूने कौल दिला. त्या दिवशी कोणाचे पद काढून घेतले गेले नाही की कोणाची नेमणूक कमी झाली नाही. प्रतिनिधी पहिल्या आसनावर होते ते पहिल्याच आसनावर राहिले. पण सत्ता मात्र दुसऱ्या आसनाकडे गेली. फौज ज्याच्यामागे चालते, वसूल ज्याच्या हातून येतो आणि सावकार ज्याच्या शब्दावर कर्ज देतो, त्याच्याकडे ती जातेच.

प्रतिनिधींच्या बाबतीत जे झाले, ते पुढे प्रत्यक्ष छत्रपतींच्या बाबतीत झाले. १५ डिसेंबर १७४९ रोजी शाहूमहाराज वारले. रामराजे गादीवर आले. १७५० साली सांगोल्यास जो करार झाला, त्याने राज्याच्या कारभाराची सूत्रे पेशव्यांकडे गेली. त्याच साली नोव्हेंबर महिन्यात ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकले, आणि पुढे हा आपला नातू नव्हेच, असे जेजुरीस शपथेवर सांगितले. राजाच्या नावासाठी आजी आणि प्रधान झगडत होते. राजा मात्र किल्ल्यावर होता. १७७७ साली ते निवर्तले. त्यांच्यानंतरच्या दुसऱ्या शाहूमहाराजांनी १७९८ साली डोके वर काढून पाहिले. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने ते दडपले.

येथवरची हकीकत आपणांस ठाऊक आहे. आपण ती ऐकतो आणि म्हणतो, ‘छत्रपती नामधारी झाले.’ परंतु ‘नामधारी’ हा शब्द उच्चारला म्हणजे विचार संपतो, आणि तो नेमका तेथेच सुरू व्हावयास हवा. कारण सत्ता सर्वस्वी पुण्यास गेली असतानाही प्रत्येक नव्या पेशव्याला वस्त्रे मात्र साताऱ्याहूनच आणावी लागत. पेशव्यांच्या मुद्रेवर आधी छत्रपतींचे नाव आणि मग स्वतःचे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. ज्या रघुनाथरावांकडे त्या खुनाबद्दल बोट दाखविले गेले, त्यांनाही वस्त्रांवाचून पेशवा होता आले नाही; त्यांनी ती साताऱ्याहून मागविली आणि ती आली. पुढच्या वर्षी १८ एप्रिलला पुरंदरावर नारायणरावांना मरणोत्तर पुत्र झाला. बारभाईंनी त्याच्यासाठी वस्त्रे मागविली, तीही आली. सवाई माधवराव पेशवे झाले, तेव्हा ते अवघे ४० दिवसांचे होते!

जरा थांबून ह्या दृश्याचा विचार करावा. साताऱ्यास सत्ताहीन राजा, पुरंदरावर पाळण्यातला प्रधान, आणि दोघांच्या नावाने राज्य चालविणारे तिसरेच मुत्सद्दी. एकाच आसनाकडून खुनाचा आरोप असलेल्यालाही वस्त्रे मिळतात आणि ज्याचा खून झाला त्याच्या तान्ह्या मुलालाही मिळतात. मग त्या वस्त्रांना किंमत ती काय? आणि किंमत नसेल, तर नाना फडणिसांसारख्या धूर्त पुरुषाने ती मागविण्याची दगदग का करावी?

उत्तर असे की, नुसत्या बळाने माणसाला जरब बसविता येते. पण दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, दूरच्या मुलखातील सरदाराने आपला हुकूम मानावा, ह्यासाठी बळ पुरत नाही. त्यासाठी हक्क लागतो, आणि हक्क स्वतःच स्वतःला देता येत नाही. तो दुसऱ्या कोणाकडून तरी घ्यावा लागतो. म्हणून सर्वांत शक्तिमान पुरुषही एक रिकामे आसन जपून ठेवतो. त्या आसनावर बसलेल्या माणसाला काहीही करता येऊ नये, पण त्याच्या हातून आलेल्या कागदाला मात्र सर्वांनी मान द्यावा, अशी ही योजना असते.

ही योजना राजेशाहीपुरतीच आहे, असे कोणास वाटेल. जेथे राजा नव्हता, सरदार नव्हते, उलट राजाला गोळ्या घालून नवे युग सुरू झाल्याचा उद्घोष होता, त्या सोव्हिएत रशियातही हीच योजना, आणि तीही कितीतरी अधिक व्यवस्थितपणे, उभारली गेली. ताश्कंद हे नाव आपल्याला जिव्हाळ्याचे आणि दुःखाचे आहे. ११ जानेवारी १९६६ रोजी तेथे लालबहादुर शास्त्रींचे देहावसान झाले. ते शहर तेव्हा उझबेकिस्तान ह्या सोव्हिएत प्रजासत्ताकाची राजधानी होते. आपण तेथलेच उदाहरण घेऊ.

१९३६ च्या सोव्हिएत राज्यघटनेप्रमाणे प्रत्येक प्रजासत्ताकाला स्वतःचे सर्वोच्च सोव्हिएत, म्हणजे विधिमंडळ, होते. त्या मंडळाचे एक अध्यक्षमंडळ असे, आणि त्याचा अध्यक्ष हा त्या प्रजासत्ताकाचा औपचारिक प्रमुख. घटनेतील शब्द पाहिले तर ह्याहून मोठा अधिकार दुसरा नव्हता. प्रत्यक्षात मतदारापुढे एका जागेसाठी एकच उमेदवार असे. निवडून आलेले सभासद वर्षातून थोडे दिवस जमत. प्रस्ताव वाचला जाई, सर्व हात एकदम वर होत आणि सभा संपे. कायदे बहुधा अध्यक्षमंडळाच्या फर्मानाने निघत आणि मग सभा त्यांना मान्यता देई. निर्णय मात्र तिसऱ्याच ठिकाणी, कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीत, झालेला असे. १९५९ पासून १९७० पर्यंत उझबेक अध्यक्षमंडळाचे अध्यक्षपद यादगार नसरुद्दिनोवा ह्या बाईंकडे होते. पण प्रजासत्ताकाचा कर्ताकरविता होता पक्षाचा पहिला चिटणीस शरफ रशिदोव्ह. पहिल्या आसनावर एक, सत्ता दुसऱ्याकडे. शाहूंच्या दरबाराची आठवण व्हावी, असेच हे चित्र आहे.

ह्या आसनावर बसविण्यासाठी माणूसही बेताबेताने निवडलेला असे. नसरुद्दिनोवांच्या पूर्वी, १९२५ पासून १९४३ पर्यंत, युल्दाश अखुनबाबायेव्ह हे तेथले औपचारिक प्रमुख होते. मूळचे ते शेतमजूर. श्रमिकांच्या राज्याचा प्रमुख श्रमिक, हे चित्र सर्वांना दाखविता येई. त्यांच्या शेजारी खरी सत्ता असलेले दोन पुरुष होते: सरकारचे प्रमुख फैजुल्ला खोजायेव्ह आणि पक्षाचे चिटणीस अकमल इक्रामोव्ह. १९३८ च्या मार्च महिन्यात मॉस्कोतील प्रसिद्ध खटल्यात त्या दोघांना मृत्युदंड झाला. अखुनबाबायेव्ह मात्र आपल्या जागी राहिले. सत्ता असणाऱ्यांचे प्राण गेले. सत्ता नसणाऱ्याची खुर्ची टिकली.

पण टिकलेल्या खुर्चीची किंमत काय द्यावी लागते, हे पाहावयाचे असेल तर मॉस्कोकडे वळले पाहिजे. संपूर्ण सोव्हिएत संघाचे औपचारिक प्रमुखपद मिखाईल कालिनिन ह्यांच्याकडे १९२२ पासून १९४६ पर्यंत होते. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला, कारखान्यात काम केलेला, चष्मा आणि छोटी दाढी असलेला हा मनुष्य लोकांना आपल्या गावच्या पाटलासारखा वाटे. खेड्यापाड्यांतून माणसे त्याच्याकडे गाऱ्हाणी घेऊन येत. १९३४ च्या डिसेंबरात एक फर्मान निघाले: दहशतवादाच्या आरोपाचे खटले झटपट चालवावे, वकिलावाचून चालवावे, अपील असू नये आणि शिक्षा तत्काळ अंमलात आणावी. त्या कागदावर सही होती कालिनिन ह्यांची. पुढच्या काही वर्षांत त्या कागदाच्या आधाराने असंख्य माणसे मारली गेली.

आणि १९३८ साली कालिनिन ह्यांच्या स्वतःच्या पत्नीला अटक झाली. त्या बाई कित्येक वर्षे छावणीत कैदेत होत्या. ह्या काळात राज्याचा प्रमुख, त्यांचा पती, क्रेमलिनमध्ये पदके वाटत होता, परदेशी वकिलांची स्वागते करीत होता आणि फर्मानांवर सह्या करीत होता. युद्ध संपल्यावर त्यांची सुटका झाली. १९४६ च्या जून महिन्यात कालिनिन वारले आणि त्यांच्या सन्मानार्थ एका मोठ्या शहराला त्यांचे नाव देण्यात आले. ज्याच्या सहीने हजारोंचे भवितव्य ठरत होते, त्याला त्याच सहीने स्वतःच्या बायकोची बेडी उघडता आली नाही. नामधारी पदाचे याहून दारुण चित्र मला ठाऊक नाही. सत्ता नव्हती म्हणून जबाबदारीही नव्हती, असे म्हणून मात्र त्या माणसाची सुटका होत नाही. कारण सही त्याची होती.

आता पुन्हा साताऱ्यास येऊ. कारण तेथेही एका नामधारी पुरुषापुढे एक कागद ठेवण्यात आला होता.

१८०८ साली प्रतापसिंहमहाराज गादीवर आले, तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि दुसऱ्या बाजीरावांच्या छावणीतून महाराज इंग्रजांच्या हाती आले. एल्फिन्स्टनने पेशव्यांना बाजूला सारून छत्रपतींना राज्य देण्याचा जाहीरनामा काढला. ह्यात औदार्य थोडे, हिशेब अधिक. जे आसन पेशव्यांनी सोयीसाठी जपले होते, तेच इंग्रजांनीही आपल्या सोयीसाठी उचलले. पेशवाई गेली तरी मराठी मनाला ‘आपला राजा आहे’ असे वाटत राहावे, हा त्यातील हेतू. २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला, आणि १८२२ साली ग्रँट डफच्या देखरेखीतून कारभार महाराजांच्या हाती आला.

पण ज्यांनी आसन जपले, त्यांच्या हिशेबात एक गोष्ट आली नव्हती. त्या आसनावर बसलेल्या पुरुषाने ते खरे मानले. महाराजांनी रस्ते केले, शहरास पाणी आणले, पाठशाळा काढली, छापखाना घातला; ते स्वतः कचेरीत बसून काम पाहत. तहाने आपल्याला जे दिले, ते खरोखरच दिले आहे, असे समजून ते जहागिरींवरील आपल्या हक्कांसाठी कंपनी सरकारशी भांडू लागले. नामधारी माणसाचा हा सर्वांत मोठा अपराध होय: कागदावर लिहिलेले त्याने खरे मानावयाचे नसते!

मग आरोप आले: कंपनीच्या फौजेतील देशी अंमलदारांना फितविले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी पत्रव्यवहार केला, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेबांशी संधान बांधले. १८३९ साली मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्यास आले. त्यांनी महाराजांपुढे एक कागद ठेवला. तहाचा भंग आपल्या हातून झाल्याचे त्या कागदाने कबूल होत होते. त्यावर सही केली की गादी राहत होती. गव्हर्नराला शिक्षेपेक्षा सहीच हवी होती. महाराजांनी सही नाकारली. आरोप काय आहेत ते दाखवा, चौकशी करा, माझे म्हणणे ऐका, एवढीच त्यांची मागणी होती.

ती मान्य झाली नाही. ५ सप्टेंबर १८३९ च्या पहाटेपूर्वीच त्यांना वाड्यातून उचलून पालखीतून साताऱ्याजवळच्या लिंबगावी नेण्यात आले आणि गादीवर त्यांचे बंधू आप्पासाहेब बसविले गेले. नंतर महाराजांना काशीस पाठविण्यात आले. त्या लांबच्या प्रवासात त्यांच्या नात्यातील बाळासाहेब सेनापती वाटेतच मरण पावले. महाराजांचे वय तेव्हा शेहेचाळीस होते. माझे स्वतःचे वय आज त्याच्या आसपास आहे. एका सहीने सर्व काही वाचले असते, हे त्यांना ठाऊक होते, ह्या विचाराने मी घाटावर बराच वेळ उभा राहिलो. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी, ह्याच गंगेच्या काठच्या ह्याच नगरीत, त्यांचा अंत झाला. त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये जाऊन चौदा वर्षे दाद मागत राहिले. दाद मिळाली नाही. आप्पासाहेब १८४८ साली वारले, आणि औरस वारस नाही म्हणून डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले.

व्यवहारी मनुष्य म्हणेल, ह्यात महाराजांनी मिळविले काय? राज्य गेलेच. हे म्हणणे खरे आहे. पण अपुरे आहे. कारण ज्या दिवशी त्यांनी सही नाकारली, त्या दिवशी ते नामधारी राहिले नाहीत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी प्रतिनिधींच्या आणि मागाहून छत्रपतींच्या आसनावरून जी गोष्ट हळूहळू निघून गेली होती, ती त्या एका नकारात क्षणभर परत आली. फौज नव्हती, खजिना नव्हता. तरी ‘माझ्या नावाने हे होणार नाही’ एवढे म्हणण्याची सत्ता शिल्लक होती. नामधारी पदात सत्तेचा हा शेवटचा अंश नेहमीच शिल्लक असतो. तो वापरावा की नाही, हे मात्र त्या पदावर बसलेल्या माणसावर अवलंबून असते.

सोव्हिएत संघाचा शेवटही हेच सांगतो. १९३६ च्या घटनेत प्रत्येक प्रजासत्ताकाला संघातून मोकळेपणाने बाहेर पडण्याचा हक्क लिहून दिलेला होता. तो कोणी वापरील, असे लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते. तो शोभेचा होता. पन्नास वर्षे एकदम हात वर करणारी ती विधिमंडळे जागच्या जागी होती. १६ नोव्हेंबर १९८८ रोजी एस्टोनियाच्या सर्वोच्च सोव्हिएतने आपले सार्वभौमत्व जाहीर केले. ११ मार्च १९९० रोजी लिथुआनियाच्या विधिमंडळाने स्वातंत्र्य पुकारले. ३१ ऑगस्ट १९९१ रोजी उझबेकिस्तानच्या विधिमंडळानेही तेच केले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस संघच उरला नाही. नाटकासाठी उभारलेल्या दाराला खरी बिजागरी होती, हे सर्वांना एकदम कळले. अर्थात दार उघडले म्हणून आतले घर सर्वत्र सारखे सुखी झाले, असे नव्हे. काही ठिकाणी जुनेच धनी नव्या नावाने बसले. तथापि रिकामे आसन कधी ना कधी कोणीतरी खरे मानतो, हा नियम खोटा ठरला नाही.

आता ह्या कथेचा तिसरा भाग, आणि तो पुन्हा पंतप्रतिनिधींच्या घराण्याचा आहे. ज्या घराण्याचे पद सर्वांत आधी नामधारी झाले, त्याच घराण्यातील एका पुरुषाने दोनशे वर्षांनंतर आपण होऊन नामधारी होण्याचे ठरविले. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते, चित्रकार आणि कलांचे भोक्ते म्हणून महाराष्ट्रास परिचित आहेत. त्यांचे संस्थान लहान, सातारा, सोलापूर आणि विजापूर ह्या भागांत विखुरलेल्या अवघ्या ७२ गावांचे. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन ह्यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने एक राज्यघटना तयार केली आणि १९३९ च्या जानेवारीत बाळासाहेबांनी ती जाहीर केली. गावाने पंचायत निवडावी, पंचायतींतून तालुक्याची सभा व्हावी, आणि त्यांतून संस्थानचे विधिमंडळ. राजाच्या खासगी खर्चास मर्यादा असावी. राजाने राज्य न करता प्रजेचा पहिला सेवक व्हावे, हा त्यामागील भाव.

ह्याच्याही मुळाशी एक सहीच आहे. पण पाहा, तिघांच्या सह्यांत किती अंतर आहे! कालिनिन ह्यांनी दुसऱ्याच्या सत्तेसाठी सही केली. प्रतापसिंहांनी दुसऱ्याच्या सत्तेसाठी सही करण्याचे नाकारले. बाळासाहेबांनी सही केली ती स्वतःची सत्ता देऊन टाकण्यासाठी. आणि दिली कोणाला? एखाद्या पक्षाला नव्हे, दिवाणाला नव्हे, तर ज्यांच्या नावाने ती चालत होती, त्या गावकऱ्यांना. ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि हा प्रयोग नऊ वर्षांनी संपला. बाळासाहेब १९५१ साली वारले.

नामधारी प्रमुख असणे हे स्वतः वाईट नाही, हे औंधच्या उदाहरणावरून दिसते. आपल्या राज्यघटनेतही राष्ट्रपती आहेत, राज्यपाल आहेत; ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात आणि तसेच चालावे, ह्यात लोकशाहीचे हित आहे. प्रश्न एवढाच की, आसन रिकामे केल्यावर सत्ता गेली कोठे? ती जर निवडून आलेल्या, प्रश्न विचारता येतील अशा आणि पुढच्या निवडणुकीत घरी पाठविता येतील अशा माणसांकडे गेली असेल, तर औपचारिक प्रमुख हा मर्यादेची खूण असतो. ती जर बंद दाराआड गेली असेल, तर तोच प्रमुख पडदा होतो. एकपक्षीय राज्यात तो पडदा होता.

आपल्याकडेही ह्याची परीक्षा झालेली आहे. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली, तेव्हा मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी पहाटे झाली. पुढे १९७८ च्या घटनादुरुस्तीने असे ठरले की, आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय राष्ट्रपतींपुढे आला पाहिजे, आणि एरवीही मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारार्थ परत पाठविण्याचा अधिकार राष्ट्रपतींना असावा. अधिकार लहान आहे. पण एकदा थांबून ‘पुन्हा विचार करा’ म्हणता येणे आणि मुकाट्याने शिक्का उमटविणे, ह्यांत जो फरक आहे, तो लहान नाही.

मी बिंदुमाधवाचे दर्शन घेऊन खाली उतरलो, तेव्हा दिवेलागण झाली होती. घाटावरच्या दगडी दीपमाळेपाशी मुले खेळत होती. मंदिरातील पुजाऱ्यास मी विचारले होते, ‘हे देऊळ कोणाचे?’ त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, ‘माधवाचे.’ औंधच्या राजांचे नाव त्याने घेतले ते मागाहून, मी पुन्हा विचारल्यावर. मला ते योग्यच वाटले. ज्याने बांधले त्याने आपले नाव मागे ठेवावे आणि ज्याच्यासाठी बांधले त्याचे नाव पुढे राहावे, हाच ‘प्रतिनिधी’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ असला पाहिजे. दुसऱ्या दिवशी मी कचेरीच्या कामास लागलो. टेबलावर सहीसाठी कागद येऊन पडलेले होते. त्या दिवशी मात्र मी त्यांतील प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचला.